रिकामी परात

मी तोंडाची फटकळ आहे. परतुरात कुणालाही विचारा. आडतीवरचा हमाल असो की तहसिलीतला कारकून — मला जे वाटतं ते मी समोर बोलते आणि बोलून झालं की कामाला लागते. त्यामुळे माझ्या पोटात काही शिल्लक असेल अशी शंका आजवर कुणाला आली नाही. फटकळ बाईचा हा एक फायदा असतो. लोकांना वाटतं, हिचं सगळं बाहेरच पडलेलं आहे.

सगळं नाही. एक आत आहे. नवऱ्याला सांगितलं नाही, माहेरी सांगितलं नाही, देवापुढेही उच्चारलं नाही — देवाला सांगणं सोपं असतं, तो कुणाला जाऊन सांगत नाही. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही. सध्या बाहेर दंग्याधोप्याचे दिवस आहेत, आडत बंद आहे, दारं लोटून घरात बसायचं आहे. लिहायला वेळ आहे, एवढंच. मन हलकं करायला बसले आहे असं समजू नका. आणि वाचताना मधेच "बिचारी" म्हणणार असाल तर इथंच थांबा. तो शब्द मला चालत नाही.

गोष्ट माझ्या धाकट्या दिराची आहे. दिगंबरची. आणि त्याच्या जुन्या मोटारीची. मोटारीचं आधी सांगते — ते सोपं आहे.

दिगंबर हैदराबादला वकिली शिकायला गेला आणि नापास होऊन परत आला. येताना ही मोटार घेऊन आला. औरंगाबादच्या छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना ती टाकून गेला होता, नंतर ती दोनतीन हातांतून फिरली होती. दोनच माणसांची गाडी. शर्यतीच्या घाटाची — लांब नाक, मागं निमुळती, आणि इतकी बुटकी की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ही काय मोटार हाय? बसलं की बूड रस्त्याला घासतंय." रंग कधीकाळी हिरवा असावा. आमच्याकडे आली तेव्हा ती बैलांनी ओढून आणलेली होती, हेही सांगायला हवं, कारण दिगंबर ते कधी सांगत नसे.

परतुरात मोटारीचा मिस्त्री नव्हता. जालन्याला होता, तो लॉरीची कामं करायचा, आणि असल्या विलायती खेळण्याला हात लावायला तयार नव्हता. सुटा भाग मुंबईहून मागवावा तर पार्सल यायला एक हंगाम जायचा. तेव्हा जे करायचं ते घरी. मागच्या कापसाच्या वखारीत गाडी उभी केली आणि दिगंबर कामाला लागला. आणि — मीही.

तुम्हांला नवल वाटेल. त्यात काही नवल नाही. माझे वडील जालन्यात एका जिनिंगमध्ये इंजिनावर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत इंजिनाशेजारी बसायची. इंजिनाचा ठोका चुकला की मला आधी कळायचं आणि वडिलांना नंतर. हे मी मिरवायला सांगत नाही. सासरी ते मिरवण्यासारखं नव्हतंच. आमचं सासर जमीनवाल्यांचं, आडतवाल्यांचं. "इंजिनवाल्याची पोर" असं माझं नाव मागच्या दारी होतं आणि ते मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात घेतलं जायचं.

दिगंबरला एका माणसाचे हात कमी पडत होते. घरातल्या गड्यांना मोटारीची भीती वाटायची. एकदा तो गाडीखाली पडून ओरडत होता, "अरे कुनी तरी धरा रे हे," आणि मी भाकरीचं पीठ मळता मळता उठून गेले आणि धरलं. तिथून सुरू झालं. वखार घरामागं, बाहेरच्या माणसाची नजर तिकडं जात नाही, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

आम्ही त्या गाडीला काय काय केलं ते सांगू लागले तर दिवस जाईल. ब्रेकचं अस्तर झिजून गेलं होतं. जिनिंगमधला जुना चामडी पट्टा कापून, एरंडेलात भिजवून, तांब्याच्या रिवेटांनी ठोकून बसवला. पाण्याच्या पंपाला पॅकिंग नव्हतं. सुताची दोरी चरबीत बुडवून मी आवळून गुंडाळली, ती गळली नाही. डोक्यावरचा कापडी टप फाटला होता, तो बारदानाचा शिवला. सगळी कामं एका पद्धतीनं चालायची, आणि ती पद्धत तुम्हांला सांगितली पाहिजे, कारण पुढं सगळं तिच्यावरच आहे.

वखारीत एक जुनी पितळी परात होती. कडेला चिरलेली, म्हणून स्वयंपाकातून निघालेली. तिच्यात आम्ही रॉकेल ओतायचो. गाडीचा जो भाग खोलायचा त्याचे नट, वायसर, स्क्रू, पिना — सगळं त्या परातीत. धुऊनही निघायचं आणि हरवायचंही नाही. परत जोडताना दिगंबर गाडीखालून मागायचा आणि मी परातीतून द्यायची. काम झालं की तो बाहेर येऊन आधी परातीत बघायचा. परात रिकामी असली तर सगळं जागेवर बसलं. काही उरलं असेल तर पुन्हा खोला. त्याला लिहून ठेवायची सवय नव्हती, लक्षातही काही राहत नसे. त्याचा सगळा भरवसा त्या परातीवर होता.

आणि परात माझ्याकडे होती.

दिगंबर मला आवडत नव्हता. हे आत्ताच सांगून टाकते. तो वाईट होता का? नाही. बढाईखोर होता. पॅकिंग मी गुंडाळलं, ओसरीवर लोक जमले की तो म्हणायचा, "पॅकिंग मी बसवून टाकलं, बिलकुल थेंब न्हाई गळत." अस्तराची युक्ती माझी, ती त्यानं हैदराबादेत बघितलेली झाली. मी चहा घेऊन जायची तेव्हा तो माझ्याकडे बघायचाही नाही. माझ्या नखांत तेच काळं ग्रीस असायचं जे त्याच्या नखांत होतं. त्याचं दिसायचं. माझं पदराखाली जायचं.

तरी मी जात राहिले. का? मला ते काम आवडत होतं. दुसरं काही कारण नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात क्लचचं काम निघालं. दिगंबरनं हात टेकले होते, गाडी भंगारात द्यायची भाषा करत होता. ते मी केलं. तो बाहेर बसून विड्या ओढत होता आणि मी गाडीखाली होते. काम झालं, गाडी सुरू झाली, तेव्हा तो खरंच खूश झाला. म्हणाला, "वैनी, दसऱ्याला सीमोल्लंघनाला गाडी काढू. वेशीपर्यंत तुम्ही न्यायची. मी बाजूला बसून राह्यतो. शब्द देतो." आणि त्यानं मला शिकवलं. भुईमूग काढलेल्या मागच्या रानात, सकाळी, गडी यायच्या आत. मला दोनतीन सकाळींत जमलं. ती बुटकी गाडी ढेकळांवरून उडत होती आणि मी तिला जिकडे वळवीन तिकडे ती वळत होती. त्याबद्दल अजून काही लिहीत नाही.

आता येते मुद्द्यावर. येते आहे — घाई करू नका.

अष्टमीच्या दिवशी आम्ही स्टिअरिंगचा सांधा खोलला. पुढची चाकं वळवणारा दांडा जिथं जोडलेला असतो, तो सांधा. ढिला झाला होता, चाक फिरवलं तर गाडी जरा उशिरा वळायची. खोलला, धुतला, नवं ग्रीस भरलं, परत चढवला. नट आवळला. आता त्या नटातून आरपार एक पिन घालायची असते आणि तिची टोकं मागं वाकवायची असतात. ती असली म्हणजे गाडी कितीही हादरली तरी नट फिरून सुटत नाही. दिगंबरनंच मला पहिल्यांदा ती पिन दाखवली होती आणि म्हणाला होता, "वैनी, बाकी सगळं विसरलं तरी चालंल. हिच्यावर जीव असतो." जुनी पिन तुटली होती, म्हणून मी जाड तारेची नवी केली होती. ती परातीत पडली होती.

नट आवळून झाला आणि समोरून कुणी त्याला हाक मारली. तो गाडीखालून निघाला आणि हात पुसत गेला. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला, "सूनबाई, ती परात घासून ठेव. उद्या खंडेनवमी हाय. हत्यारं काय जमिनीवर मांडायची?" आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात — विळे, कुऱ्हाडी, तराजू, मापं, आणि गाडी आल्यापासून दिगंबरचे पाने, हातोडा, पेचकस. ती परातीत मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. लावायचाच नाही. परात रोजच्या वापरातली, रॉकेलची, पण त्या दिवशी ती देवाची.

मी परात उपडी केली. रॉकेल उकिरड्यावर ओतलं. आत एकच वस्तू उरली होती. ती मी पदराच्या टोकाला बांधली आणि परात चिंच लावून घासली. इथपर्यंत माझ्याकडून काही वावगं झालं नव्हतं. इथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सणाचं लुगडं नेसताना मी पहिल्या पदराची गाठ सोडली, पिन काढली आणि नव्या पदराला बांधली. मी विसरले होते असं तुमच्या मनात येऊ नये म्हणून हे सांगते.

दिगंबरला सांगायचंच होतं मला. पूजा झाली, ओसरीवर लोक बसले होते, शेजारचे होते, आडतीवरचे होते. मी प्रसाद घेऊन गेले ते हेच मनात धरून. आत्याबाईंनी सहज विचारलं की उद्या गाडीत कोण बसणार. आणि मी — मूर्खासारखी, सगळ्यांसमोर — म्हणाले, "वेशीपर्यंत मी नेणार आहे. भावजींनी शब्द दिलाय."

सगळे दिगंबरकडे बघू लागले. त्यानं एकदा त्या माणसांकडे पाहिलं. मग तो हसला.

"मी? कधी म्हन्लो वैनी? सपान पडलं काय?" आणि मग बाकीच्यांकडे वळून, "बायकांनी मोटार हाकल्यावर मंग बैलांनी भाकरी थापायच्या का? आन् ह्यांचं काय, बापाच्या इंजिनातलं तेल अजून अंगातून गेलं न्हाई."

ओसरी हसली. चांगली मोकळी हसली. माझा नवराही हसला. तो वाईट हसला असं नाही. सगळे हसले म्हणून हसला. त्याचा तसाच स्वभाव आहे.

मी प्रसाद वाटला. शेवटच्या माणसापर्यंत वाटला. आत आले. पदराची गाठ हाताला लागत होती. मी ती सोडली नाही. कुणाला हाकही मारली नाही.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात माणूस गप्प बसतो. बसतो ना. तासभर बसतो. मी रात्र काढली, सकाळ काढली, पुरणपोळ्या लाटल्या. माझा हात एकदाही चुकला नाही. पोळी फुटली नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलताना हत्यारांची पूजा उतरली. दिगंबरनं गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, नाकावर स्वस्तिक काढलं होतं. अंगात शेरवानी, डोक्याला फेटा. त्यानं परातीतून पाने उचलले, पुसले, पेटीत टाकले. मग सवयीनं परातीत बघितलं. तिथं झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. कालचं त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात कधीच काही राहत नसे.

"वैनी, परवाची परात रिकामी होती ना? काही उरलं न्हाई ना?"

मी म्हणाले, "रिकामी होती."

हीच ती गोष्ट. एवढे दिवस जी आत होती ती ही. खोटं बोलायला किती शब्द लागतात असं तुम्हांला वाटतं?

त्यानं मान हलवली. त्याला पुरेसं होतं. त्यानं हँडल मारलं तेव्हा मी बाजूला उभी होते, गाडी एका दणक्यात सुरू झाली, आणि मग एक असं झालं जे मी धरलं नव्हतं. माझा नवरा धोतर सावरत गाडीत चढला. तो कधी त्या गाडीत बसत नसे. कुणीतरी "दादा, तुमीपन जा की" म्हणालं आणि तो बसला.

आता मात्र मी बोलायला हवं होतं. नको होतं? वाक्य तयार होतं. "थांबा, एक पिन राह्यली." लोक म्हणाले असते, मंग आत्ता सांगती? कालपासून काय करत होतीस? दिगंबर म्हणाला असता, आताच तर विचारलं. माझं खोटं सगळ्या ओसरीपुढे उघडं पडलं असतं, ज्या ओसरीनं काल मला हसून घेतलं होतं त्याच ओसरीपुढे. हे सगळं मी त्या एका क्षणात बघितलं. आणि नवऱ्याच्या तोंडावरचं कालचं हसूही बघितलं. मी तोंड उघडलं नाही. गाडी निघाली. मी तिला दारातून वळताना पाहिलं. बराबर वळली.

नवरा मरावा असं मला वाटत होतं का? नाही. दिगंबर मरावा असं? नाही. मग काय व्हावं असं वाटत होतं? मी या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा तयार केलं आहे — गाडी मधेच अडेल, नट रस्त्यावर पडेल, लोक दिगंबरला हसतील. चांगलं उत्तर आहे. पण मी इंजिनवाल्याची पोर. त्या सांध्याला अडणं माहीत नसतं. तो धरतो किंवा सुटतो. आणि सुटला म्हणजे काय होतं, हे मला त्या ओसरीवरच्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वेशीपर्यंत ते नीट गेले. सोनं लुटलं. मग दिगंबरला चार लोकांत वेग दाखवायचा होता, म्हणून त्यानं गाडी दुधना नदीच्या उताराला घातली. तिथं रस्त्यात चाकोऱ्या पडलेल्या असतात. माझा नवरा सांगतो की दिगंबर चाक फिरवत होता आणि गाडी सरळ जात होती. तो फिरवतच राहिला. गाडी चारीत उलटली.

नवरा बाजूला फेकला गेला, कपाळ फुटलं, तेवढंच. दिगंबरचा उजवा हात गाडीच्या कडेखाली सापडला. बाजेवर घालून त्याला आणलं. दुसऱ्या दिवशी आगगाडीनं जालन्याला डॉक्टरकडे नेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कोपर पुरतं उघडत नाही. बोटं मिटत नाहीत. त्याची सोयरीक चालली होती ती मुलीकडच्यांनी कळवून मोडली. पुढं दुसरी कुणी आणली नाही.

पिन मी त्याच संध्याकाळी चुलीत टाकली. लोखंड जळत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला राख घेतली तर ती हाताला लागली. मग विहिरीत टाकली.

तुम्हांला वाटेल, झालं, कळलं, एवढंच होतं. नाही. ते खोटं छोटं होतं. त्यानंतरचं मोठं आहे.

दिगंबर जालन्याहून परतला तेव्हा गाडी बैलांनी ओढून वखारीत आणून टाकली होती. तो जाऊन खाली वाकला. सांधा सुटलेला, नट नाही, पिन नाही. तो माझ्याकडे आला. "वैनी, परात रिकामी होती ना?" मी म्हणाले, "होती." दुसऱ्यांदा. या वेळी माझ्या अंगात राग नव्हता. रागाचं पांघरूण नव्हतं.

तो विचार करत बसला. मी त्याला विचार करताना पाहिलं आहे. परात रिकामी, म्हणजे पिन घातली होती. घातली होती, तर गेली कुठं? म्हणजे गळून पडली. गळून कशी पडेल? टोकं वाकवली नसतील तर. असं त्यानं एकेक पाऊल टाकत स्वतःपर्यंत रस्ता केला. चुकीचा हिशेब नव्हता तो. सुरुवातीचा आकडा माझा होता. आणि काही दिवसांनी — हे ऐका — त्याला आठवायला लागलं. न घातलेली पिन घातल्याचं आठवायला लागलं. सांगायचा, "घातली मी. बोटाला तार टोचलेली बी आठवती. आन् कुनी तरी हाक मारली, मंग टोकं वाकवायची राह्यली." मी तिथंच उभी असायची. कधी भाजी निवडत, कधी नुसतीच.

दिवाळीच्या आसपास तो स्वयंपाकघरात आला. आमच्याकडे दीर असा आत येत नाही. दारात थांबला, मग आला आणि माझ्या पायाशी वाकला. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हातानं. म्हणाला, "वैनी, दादाला काही झालं असतं तर तुमचं कुंकू माझ्या हातानं पुसलं असतं. मला माफ करा."

मी म्हणाले, "झालं ते झालं. उठा. पिठलं निवतंय."

मी त्याला माफी दिली. माझ्या कामाची माफी मी त्याला दिली आणि त्यानं ती डोळे पुसत घेतली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्यानंतरचा दिगंबर वेगळा आहे. बढाई नाही, फेटा नाही. मी काही सांगितलं की "हो वैनी" म्हणतो. मला हा दिगंबर अधिकच नकोसा वाटतो. आधीच्याला निदान मनातल्या मनात शिव्या देता यायच्या.

पुढं आम्ही पिठाची गिरणी घातली, तेलावरचं इंजिन बसवलं. आता इंजिन मी बघते. कुणी हसत नाही, गावाला सवय झाली आहे. दिगंबर तराजूपाशी बसतो आणि डाव्या हातानं वजनं टाकतो. इंजिनाला तो हात लावत नाही. पट्टा सरकला, साधी किल्ली दाबायची असली, तरी घरात निरोप पाठवतो. मागं एकदा मीच म्हणाले, "तेवढं तुम्ही करायचं की भावजी, जवळच तर बसलाय." तो म्हणाला, "न्हाई वैनी. माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुमचा हात बराबर हाय." तो मोडलेल्या हाताबद्दल बोलत नव्हता. त्यानं डावा हात वर केला होता. चांगला, धडधाकट हात.

दळायला आलेल्या नव्या बायका त्याला कधी हाताचं विचारतात. तो सांगतो. न लाजता, न रडता, सगळं सांगतो — टोकं वाकवायची राह्यली, दादा गाडीत होता, वैनी देवासारखी, तिनं माफ केलं. इंजिन चालू असतं, पण मला सगळं ऐकू येतं.

मी सांगितलं तर त्याची बोटं मिटणार नाहीत, हे खरं. पण तो डावा हात त्याला परत मिळेल. हे मला कळतं. कळत नाही असं म्हणण्याची सोय मी ठेवलेली नाही.

तरी त्याला सांगणार नाही. घाबरते म्हणून. घर, नवरा, गिरणी, गावातलं माझं नाव — त्या सगळ्यासाठी घाबरते. आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते — तो मला अजूनही आवडत नाही, म्हणून.